स्वयंपाकाची सोय

कौसल्याबाईंनी लग्नानंतर घराबाहेर केलेल्या मुक्कामांची संख्या सात आहे. हा आकडा त्यांचा स्वतःचा. त्यांचा मुलगा ऋषिराज पाचच सांगतो, कारण बाळंतपणासाठी केलेले मुक्काम तो मोजत नाही. पती महिपतराव सात मान्य करतात, पण त्यांतल्या एकापुढे ‘दवाखाना’ असा शेरा मारून तो वेगळा काढतात. मतभेद आहे तो संख्येपुरता. सातही ठिकाणी स्वयंपाक कोणी केला याबद्दल दुमत नाही, कारण तो प्रश्न घरात कधी कोणी विचारलेला नाही.

निरवांगीच्या माहेराहून त्या १९८९ साली लासुर्ण्याला आल्या. भावाच्या लग्नाला माहेरी गेल्या, तेव्हा हळद लागायच्या आधी त्यांच्या हातात पुरणाचं पातेलं आलं. जेजुरीला देवाला दोनदा गेल्या, तर दोन्ही वेळा टेम्पोत भंडाऱ्याच्या पिशवीशेजारी स्टोव्ह होता. नणंदेच्या दोन्ही बाळंतपणांना सोमेश्वरनगरला बावीस-बावीस दिवस राहिल्या. तिथलं गाव कसं आहे हे त्यांना आजही सांगता येत नाही. महिपतरावांचं अपेंडिक्स बारामतीत काढलं, तेव्हा दवाखान्यासमोर खोली घेतली ती पेशंटला घरचं लागतं म्हणून. आणि सहा वर्षांपूर्वी सगळे कोकणात गेले, तेव्हा कौसल्याबाईंनी समुद्र पाहिला तो ओट्याच्या खिडकीतून. तो दिसत होता चांगला, हे त्या प्रामाणिकपणे सांगतात. मध्ये तवा येत होता, एवढंच.

म्हणून २०२५च्या एप्रिलमध्ये घाटाखालच्या ‘रंगदरी’ पार्कला जायचं ठरलं आणि राहायचं कुठं हा विषय निघाला, तेव्हा कौसल्याबाईंची अट एकच होती. दोन रात्री आणि त्यांच्या मधला एक दिवस त्यांना चुलीपुढे उभं राहायचं नव्हतं. पाळण्यात बसणं, न बसणं, पाण्यात भिजणं, यांतल्या कशाबद्दलही त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

पण राहण्याची जागा निवडण्याचा अधिकार महिपतरावांनी स्वतःकडे घेतला होता, आणि त्याला त्यांच्या मते आधार होता. ते साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय आहेत. हुद्द्यात ‘बॉय’ असला तरी वय अठ्ठावन्न. उसाच्या लागणीची नोंद करायची आणि हंगामात तोडणीच्या टोळ्या आल्या की त्यांनी कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, कुठं घालायच्या हे दाखवायचं, हे काम त्यांनी तेहतीस हंगाम केलं. पाणी किती लांब, जमीन कोणीकडे उतरते, गाडी वळते की नाही, हे ते नुसत्या नजरेनं सांगतात.

“मानसं कुठं उतरवायची, हे मला कुणी शिकवू नका,” असं त्यांनी तेरा एप्रिलच्या रविवारी जाहीर केलं.

ऋषिराज बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. तो, त्याची बायको सुप्रिया आणि आठ वर्षांची श्रेया दर रविवारी लासुर्ण्याला येतात. त्या रविवारी महिपतरावांनी त्यांच्यासमोर कारखान्याची एक जुनी नोंदवही उघडली. वही आजही घरात आहे आणि तिचं ते पान पाहण्यासारखं आहे, कारण छापील रकाने त्यांनी बदललेले नाहीत. ‘शेतकऱ्याचे नाव’ या रकान्यात लॉजची नावं. ‘क्षेत्र’ या रकान्यात खोल्या. ‘उसाची जात’ या रकान्यात ‘एसी’ किंवा ‘साधी’. आणि शेवटी ‘शेरा’.

जागा तीन होत्या. एक, पार्कच्या आतलं त्यांचंच हॉटेल. नाश्ता आणि दोन वेळचं जेवण खोलीच्या भाड्यातच धरलेलं. शेरा : ‘चैन’. दोन, हमरस्त्यावरचं लॉज. शेरा : ‘ट्रकांचा आवाज. न्हाय.’ तीन, पार्कपासून चार किलोमीटरवर एक बंगला, दोन खोल्या, अंगण, बोअरचं पाणी. शेरा : ‘स्वयंपाकाची सोय उत्तम’, आणि त्याखाली दोन रेघा.

“बंगला झकास हाय,” महिपतराव म्हणाले. “गाडी थेट दारात. पाणी चोवीस तास. आन् स्वयंपाकाची सोय हाय.”

“ते बरं आहे,” ऋषिराज मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. “बाहेरचं खाऊन श्रेयाचं पोट बिघडतं.”

कौसल्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

“सोय हाय म्हंजी नेमकी कुणाची सोय?”

“सगळ्यांची,” महिपतराव म्हणाले.

“सगळी करणार का?”

“मी मदत करीनच की, आई,” सुप्रिया म्हणाली. तिचा हेतू चांगला होता. पण मदत करणारा माणूस एक असला की काम करणारा दुसरा असतो, हे कौसल्याबाईंना छत्तीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

“मला दोन दिवस चूल बघायची न्हाय,” त्यांनी सरळ सांगितलं.

महिपतरावांचा चेहरा उजळला. अडचण एवढीच असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. “अगं, तितं चूल कुठली? गॅस हाय! तीन शेगड्यांचा!”

कौसल्याबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती. त्यांनी ती महिपतरावांच्या ताटात वाढली.

“मंग तुमी जावा. मी हितंच बरी.”

पुढच्या आठवड्यात या वाक्याचे अर्थ लावण्यात आले. ऋषिराजला वाटलं, आई उंच पाळण्यांना भिते. त्यानं फोन करून सांगितलं, “आई, बसायची सक्ती नसते गं.” सुप्रियाला वाटलं, कपड्यांचा प्रश्न असेल, तिनं पाण्यात चालणारे दोन पंजाबी ड्रेस पाठवले. महिपतरावांचं निदान असं होतं, की बंगल्याच्या न्हाणीला बाहेरून दार आहे हे तिला खटकलं असणार. प्रत्येकाला कौसल्याबाईंनी चुलीचं तेच वाक्य पुन्हा सांगितलं. प्रत्येकानं ते ऐकलं आणि दुसरंच कारण शोधलं. माणूस एखादी गोष्ट इतकी साधी मागू शकतो, यावर या घराचा विश्वास बसत नव्हता.

वीस एप्रिलला, रविवारी, श्रेयानं शेवटी आजोबांना विचारलं, “आजी न्हाय आली तर डब्यात काय असणार?” हा प्रश्न महिपतरावांना लागू पडला. ते म्हणाले, “थांब. चैन तर चैन,” आणि अंगणात जाऊन त्यांनी पार्कच्या हॉटेलला फोन लावला. महिपतराव फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे संभाषणाचे दोन्ही भाग स्वयंपाकघरात ऐकू आले.

इथं एक खुलासा आवश्यक आहे. बारामती-इंदापूरकडे जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘फॅमिली’ म्हणजे बायको. ‘फॅमिली माहेरी गेलीय’ म्हटलं की घर ओस पडलं असं कोणी समजत नाही. बाकीची असतात ती ‘घरातली मानसं’.

“नमस्कार, रंगदरी रिझर्व्हेशन, वल्लरी बोलतेय.”

“हां, नमस्कार. लासुर्ण्यावरनं महिपती बोलतूय. फॅमिलीसाठी खोली पायजे. एक मे, दोन मे.”

“फॅमिली किती जणांची आहे, सर?”

“जणांची कशाला? माझीच हाय!”

“तसं नाही सर. म्हणजे, फॅमिली एकच ना?”

“मंग दोन अस्त्यात का, ताई? एकच हाय. छत्तीस वर्सं झाली.”

“ओके सर, अभिनंदन. सोबत मुलं आहेत?”

“मुलगा हाय एक. बारामतीला अस्तो, एमआयडीसीत. त्याला मुलगी हाय.”

“अच्छा, ते बारामतीला असतात. म्हणजे तुम्ही आणि मॅडम. महाराष्ट्र दिनामुळे गर्दी आहे, आपल्याकडे शेवटची एक खोली राहिलीय. लॉक करू?”

“लॉक कशाला करताय? उघडीच ठिवा, आमी येतोय की.”

वल्लरीनं ती नोंद केली. पैसे भरायची लिंक ऋषिराजच्या मोबाइलवर आली. त्यानं ओसरीवर बसूनच ती भरली; वाचली नाही. कागदाशिवाय महिपतरावांचा कशावर विश्वास नसल्यामुळे त्यांनी सोमवारी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रत काढून आणली, घडी घालून कौसल्याबाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, “घे. आता तर झालं?”

कौसल्याबाई सातवी शिकल्या आहेत. त्यांनी कागद पहिल्या ओळीपासून वाचला. ‘खोली : एक. प्रौढ : दोन. मुले : शून्य. नाश्ता व दोन वेळचे जेवण समाविष्ट.’ त्यांना सगळं लगेच समजलं. महिपतराव तोवर शेतावर निघून गेले होते. त्यांना हाक मारावी असं एकदा मनात आलं. पण मग जे होईल तेही त्यांना समजलं. खोली रद्द होईल, बंगला होईल, आणि वहीतल्या त्या दोन रेघांखाली त्या जन्मभर उभ्या राहतील.

त्यांनी कागद लपवला नाही. यावर त्या आजही ठाम आहेत आणि पुरावा त्यांच्या बाजूनं आहे. पिठाच्या डब्याच्या वर दिनदर्शिकेचा खिळा आहे; त्या खिळ्याला, मजकूर बाहेरच्या बाजूला करून, कागद सहा दिवस लटकत होता. महिपतराव रोज तिथून चहा घेऊन जात होते. ओट्यापलीकडच्या भिंतीवर काय टांगलं आहे, हे या घरातल्या पुरुषांनी कधी वाचल्याचं आढळत नाही.

सत्तावीस एप्रिलला सुप्रियानं तो वाचला. ती चतुर्थी कधी आहे ते बघायला दिनदर्शिका उलटत होती.

“तात्या, यात दोनच माणसं आहेत,” ती सासऱ्यांना म्हणाली.

“कुठली दोन?”

“तुम्ही आणि आई.”

पुढचा अर्धा तास सगळे एकदम बोलत होते. ऋषिराजनं हॉटेलला फोन केला. खोल्या संपल्या होत्या. ही खोली त्या दिवसापर्यंत रद्द करता येत होती, इतकंच. बंगला अजून मोकळा होता.

“तुम्ही फॅमिली म्हटलात म्हणून झालं हे, तात्या!”

“मंग फॅमिलीला फॅमिली न्हाय तर काय म्हणू? आन् लिंक तू भरलीस. वाचता येत न्हाय का?”

“ते जाऊ दे. रद्द करू. बंगलाच घेऊ, सगळे एकत्र राहू.”

“राहू की,” महिपतराव सुटकेनं म्हणाले. “मी पयल्यापासनं तेच सांगतूय.”

“रद्द करायचं न्हाय.”

कौसल्याबाई दारात उभ्या होत्या. हाताला पीठ होतं.

“अगं, पण पोरं कुठं राहतील?” महिपतराव म्हणाले.

“बंगल्यात. तितं स्वयंपाकाची सोय उत्तम हाय. दोन रेघा मारल्यात तुमी खाली.”

“आई, आपण एकत्र जातोय ना? फॅमिली म्हणून?”

“फॅमिली एकच हाय. छत्तीस वर्सं झाली. फोनवर सगळ्या गावानं ऐकलंय.” त्या ऋषिराजकडे वळल्या. “दिवसभर पार्कात एकत्रच हाय की आपण. रात्री आन् सकाळी तुमी तुमचं बघा. आन् हे मी सुप्रियाला सांगत न्हाय, तुला सांगतीय. श्रेयाचं पोट बाहेरच्या खाण्यानं बिघडतंय, व्हय ना? मंग कणीक तू मळ.”

सुप्रिया दिनदर्शिकेकडे पाहत होती. चतुर्थी तिला अजून सापडली नव्हती, आणि तिनं वर पाहिलं नाही.

“आणि तात्या?” ऋषिराजनं शेवटचा मुद्दा काढला.

“कागदावर दोन मानसं हायत. त्यांना यायचं आसंल तर येऊ दे. न्हायतर ठिवून घ्या तुमच्याकडं. भांडी घासतील.”

महिपतरावांनी नोंदवही मिटली. तेहतीस हंगामांत एकाही टोळीनं त्यांना कोपी कुठं घालायची हे सांगितलं नव्हतं. “मी कुठं न्हाय म्हटलंय?” ते पुटपुटले.

दोन मेच्या सकाळी पार्कच्या हॉटेलात कौसल्याबाई खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या. खिडकीतून मोठा पाळणा दिसत होता, आणि मध्ये तवा नव्हता. एका पोऱ्यानं पोहे आणून ठेवले, दुसऱ्यानं पाणी. त्या आधी खुर्चीच्या कडेवर, उठायच्या बेतात बसल्या होत्या; पोहे आल्यावर मागे सरकून टेकल्या.

समोर महिपतराव तोंड वाकडं करून चहा पीत होते.

“पांचट हाय. तू केला असतास तर—”

“पुढं बोलू नका.”

त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला. एवढ्यात कौसल्याबाईंचा फोन वाजला. चार किलोमीटरवरून ऋषिराज, मागे श्रेयाचं हसणं आणि कुठलं तरी भांडं पडल्याचा आवाज.

“आई, कणीक पार हाताला चिकटलीय. पाणी किती घालायचं असतं?”

“चिकटलीय म्हंजी जास्त झालंय.”

“मग किती घालायचं? वाटीनं सांग ना.”

“ते वाटीनं न्हाय, हातानं कळतं.”

“कधी?”

कौसल्याबाईंनी विचार केला. खरं उत्तर वर्षांत होतं.

“दोन दिवस हायत की तुझ्याकडं,” त्या म्हणाल्या, आणि फोन टेबलावर पालथा ठेवून त्यांनी पोऱ्याला आणखी एक चहा आणायला सांगितला.