फाटकापासूनचं अंतर

मार्लफर्डच्या शाळेने ग्लेनिस टॅपस्कॉटला एकदा नाकारलं आणि पुढे पस्तीस वर्षं तिच्याकडून काम करून घेतलं. नाकारलं ते १९६३ साली. तेव्हा ती ‘ग्रामर’ शाळा होती, म्हणजे अकराव्या वर्षी एका सकाळी व्हायच्या परीक्षेत जी मुलं पास होतील त्यांचीच. निकाल टपालाने यायचा आणि पाकीट फोडायच्या आधीच सगळ्या गल्लीला कळायचा. जाड पाकिटात गणवेशाची यादी, पातळ पाकिटात सांत्वन. टॅपस्कॉटांकडे पातळ आलं. बाप रेल्वेत सिग्नलवर होता. तो चहाचा कप घेऊन परसातल्या कोबीपाशी जाऊन उभा राहिला, आणि ग्लेनिसला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. ती दुसऱ्या शाळेत गेली, टायपिंग शिकली, आणि अकरा वर्षांनी त्याच ग्रामर शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून येऊन बसली.

“समोरून घेतलं नाही, म्हणून बाजूने शिरले,” असं ती हसत सांगायची. ते हसणं काही पूर्ण खरं नव्हतं.

ती आली आणि वर्षभरात शाळेचं नशीब पालटलं. परीक्षा गेली, शाळा सगळ्यांची झाली. एका हातमोजेवाल्या कारखानदाराने १८८४ मध्ये कारकुनांच्या मुलांसाठी काढलेली ही शाळा, तिथे आता कारकून, गवंडी, बसचालक, डॉक्टर सगळ्यांची पोरं एका बाकावर बसू लागली. हॉलमध्ये हुशार मुलांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिलेले मोठे लाकडी फलक होते, ते उतरवून बॉयलरच्या खोलीत नेऊन ठेवले. एका फलकाचं एक टोक ग्लेनिसने स्वतः धरलं होतं, आणि तेवढ्या पायऱ्या उतरताना तिला जो आनंद झाला तो तिने कधी कोणापासून लपवला नाही.

एकोणीस वर्षांनी ते फलक पॉलिश होऊन परत वर आले. वरून नियम बदलले होते, शाळाशाळांत चढाओढ लागली होती, आणि शाळेचा कारभार पाहणाऱ्या गव्हर्नर मंडळाने एक मधला मार्ग काढला: शंभरातली तीस मुलं परीक्षा घेऊन, दहा संगीताची जाण पाहून, आणि उरलेली पूर्वीसारखी, आधी शिकत असलेल्यांची भावंडं आणि मग ज्यांचं घर जवळ ती. शाळेच्या जेवणघराची मुख्य, रीटा लकहर्स्ट, म्हणाली, “म्हणजे अर्धं उकडलेलं अंडं. ना कच्चं, ना पक्कं. पण खायला बघ कशी रांग लागेल.”

रांग लागलीच. परीक्षेचं काम वरच्या मजल्यावरचे मास्तर बघायचे, तिकडे ग्लेनिस फिरकतसुद्धा नसे. अंतराचं काम मात्र तिचं. ऑफिसच्या भिंतीवर गावाचा नकाशा, शाळेच्या फाटकावर लाल टाचणी, आणि तिथून प्रत्येक घराच्या दारापर्यंत सरळ रेघ. पुढे कॉम्प्युटर आला, तेव्हा टाचणीची जागा तिने स्वतः आकड्यांत घातली. लोकांनी काय काय नाही केलं! फाटकाजवळ चार महिन्यांसाठी घरं भाड्याने घेतली. एका दंतवैद्याने तर अंतर दाराऐवजी बागेच्या कुंपणापासून मोजा म्हणून वकिलाचं पत्र आणलं. ग्लेनिस शनिवारी चालत जाऊन पडदे, कचऱ्याचे डबे बघून यायची, की इथे खरोखर कोणी राहतं का. कुणी रडलं तर रुमाल द्यायची, पण आकडा बदलायची नाही. अंतराच्या मीटरला बाप कोण हे कळत नाही, पोर घाबरलंय की हुशार आहे हेही कळत नाही, म्हणून मीटरवर तिचा जीव होता. एका सकाळच्या परीक्षेने तिचं जे केलं, ते ती कोणाचं करत नव्हती. यावर तिची सगळी पस्तीस वर्षं उभी होती.

जानेवारी २००९ मध्ये मुख्याध्यापक पेनिफोल्ड तिच्या टेबलापाशी आले. “ग्लेनिस, जुलैत तुम्ही निवृत्त होताय आणि शाळेला सव्वाशे वर्षं होतायत. इतिहासाची एक पुस्तिका काढू. तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?”

ग्लेनिस हरखली. कपाटं उपसून तिने फोटो काढले, टेबलावर पसरले. त्यात १९९७ चा एक होता: संगीताची नवी इमारत, स्टेशन रोडच्या बाजूला नवं मोठं फाटक, महापौरबाई फीत कापतायत. फोटोमागे कोणीतरी लिहिलं होतं, ‘नव्या मुख्य फाटकाचं उद्घाटन’.

ग्लेनिस बिस्किट चहात बुडवत होती. ते बुडलं, विरघळलं, तरी तिचं लक्ष नव्हतं.

प्रवेशाच्या नियमावलीत लिहिलं होतं, ‘अंतर शाळेच्या मुख्य फाटकापासून मोजावं’. आणि टाचणी होती टॅनर लेनच्या जुन्या फाटकावर. ते फाटक मुलांसाठी बंद होऊन बारा वर्षं झाली होती. पण त्यातलं छोटं दार नोकरांसाठी उघडं ठेवलं होतं, ग्लेनिसचं घर त्याच बाजूला होतं, किल्ली तिच्या पर्समध्ये होती, आणि ती रोज तिथूनच यायची. तिच्या लेखी शाळेचं फाटक म्हणजे तेच. दुसरं कुठलं फाटक मुख्य असू शकतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन फाटकांत अंतर एकशे दहा मीटर, आणि दर वर्षी मुलं आत-बाहेर होत होती ती आठ-दहा मीटरवरून.

पुढचे दोन आठवडे तिचं कशात चित्त लागेना. ती जुन्या याद्या घरी नेऊन नव्या फाटकापासून सगळं परत मोजत बसायची. मध्येच उठायची, खिडकी उघडायची, गार वारा आला की लावायची, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून मोजायची, जणू तिसऱ्यांदा मोजलं तर उत्तर निराळं येणार होतं. अकरा वर्षांच्या प्रवेशांत त्रेचाळीस मुलं निघाली, ज्यांना जागा मिळायला हवी होती आणि मिळाली नव्हती. सगळी स्टेशनच्या बाजूची. २००१ च्या यादीत सहावं नाव होतं टॅमसिन लकहर्स्ट. रीटाची मुलगी. नऊ मीटरने हुकली होती.

नकाराचं ते पत्र ग्लेनिसने टपालात टाकलं नव्हतं. मैत्रीण म्हणून स्वतः जेवणघरात नेऊन दिलं होतं. रीटाने हात पुसून ते वाचलं होतं आणि म्हणाली होती, “मोजलंय म्हटल्यावर काय बोलायचं, बाई?” आणि टॅमसिन पाच वर्षं दोन बस बदलून ब्रॉडफील्डच्या शाळेत गेली होती. तिथल्या पोरींनी तिचे काय हाल केले, तेही रीटाने एकदा सांगितलं होतं, एकदाच.

ग्लेनिस आधी पेनिफोल्डांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकलं, दार लावून घेतलं.

“यंदाची पत्रं गेली नाहीत ना अजून? मग बिंदू बदला, नव्या फाटकावर घ्या. संपलं.”

“आणि मागचे त्रेचाळीस?”

“सांगून त्यांना काय परत अकरा वर्षांचं करणार आहात? अहो, वर्तमानपत्रवाले दारात येऊन बसतील. चूक तुमची आहे, ग्लेनिस, मी ती पोटात घालतोय. आता तुम्हीही घाला.”

तिने पुस्तिकेत एक परिच्छेद लिहिला. १९९७ पासून अंतर चुकीच्या फाटकापासून मोजलं गेलं, एवढंच, आणि खाली स्वतःचं नाव. पेनिफोल्डांकडून मसुदा परत आला तेव्हा त्यावर लाल काट होती आणि समासात सूचना होती, इथे वाद्यवृंदाचा फोटो टाका.

वाद्यवृंदाचा फोटो! ग्लेनिसला इतका राग आला की ती तशीच उठून व्हरांड्यात फेऱ्या मारू लागली. राग साहेबांचा होता आणि स्वतःचाही. कारण खरं तर कुठेतरी तिला बरंही वाटलं होतं, की चला, साहेबांनीच गप्प बसवलं. रीटाला सांगायचं नाही. रोज अकरा वाजता तिच्याकडे चहाला जायचं, जुलैत हार-तुरे घ्यायचे, आणि घरी बसायचं. हे अगदी जमण्यासारखं होतं. त्या विचाराची तिला शिसारी आली. ती जिना उतरून थेट जेवणघरात गेली.

रीटा कस्टर्ड ढवळत होती. “आज लवकर? चहा टाकायचाय अजून.”

“चहा नको. रीटा, हात थांबव जरा.”

“हात थांबवला तर गुठळ्या होतील. दोनशे पोरं शिव्या घालतील मला. तू बोल ना.”

ग्लेनिसने उभ्याउभ्याच सांगितलं. फाटक, टाचणी, एकशे दहा मीटर. टॅमसिनला जागा मिळायला हवी होती, काठावर नाही, चांगली आत होती ती. चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

रीटाने गॅस बंद केला. कस्टर्डवर साय धरू लागली.

“माझी आई टॅनर लेनला राहायची,” ती शेवटी म्हणाली. “तुला माहीत होतं ते. तेव्हा सगळे म्हणत होते, आजीचा पत्ता दे, कोण बघतंय? मी तुला विचारलं होतं.”

“हो.”

“काय म्हणालीस?”

ग्लेनिसला शब्द न् शब्द आठवत होता. “म्हणाले, असलं काही करू नकोस, रीटा. सरळ मोजतात, सरळ राहा.”

“राहिले मी सरळ. आणि पोरगी आठ वर्षं मला एकच ऐकवतेय. तुझ्या सरळपणापायी मी मार खाल्ला, आई. नाताळच्या जेवणालासुद्धा ऐकवते.” रीटाने पळी सिंकमध्ये टाकली, जरा जोरात. “मी तिला सांगते, मोजणाऱ्याने नीट मोजलं, टॅम, आपलंच घर लांब होतं. तुझ्या नावाने सांगते मी, ग्लेनिसच्या नावाने!”

“रीटा, मला—”

“माफी माझी नको मागूस. मला आत्ता तुझ्याशी बोलायचंच नाही. तिला जाऊन सांग. स्टेशनपाशी केमिस्टच्या दुकानात असते चारपर्यंत. आणि सांगताना माझं सांग, की मी खोटं बोलत नव्हते तिच्याशी.”

ग्लेनिस कोट घालून बाहेर पडली. स्टेशन रोड उतरताना तिने दोनदा ठरवलं की उद्या जाऊ, आणि दोन्ही वेळा पाय थांबले नाहीत. दुकानात खोकल्याच्या औषधासाठी तिघं उभे होते. ती त्यांच्यामागे रांगेत उभी राहिली.

टॅमसिन एकोणीस वर्षांची झाली होती, रीटासारखीच रुंद खांद्यांची. “काय देऊ, मिस टॅपस्कॉट?”

“काही नको. तुला सांगायला आलेय.” आणि काउंटरवरच्या गोळ्यांच्या डब्यांकडे बघत तिने पुन्हा सगळं सांगितलं, या खेपेला कमी शब्दांत.

टॅमसिन ऐकत होती. मागे घंटी वाजून एक गिऱ्हाईक आत आलं.

“म्हणजे मी आत होते.”

“होतीस.”

“आईने पत्ता दिला नाही तरी?”

“तरी. ती बरोबर होती. मीच चुकले. ती खोटं बोलत नव्हती, हे सांग म्हणाली.”

पोरगी शिव्या देईल, रडेल, हसेल, याची सगळी तयारी ग्लेनिस वाटेत करून आली होती. टॅमसिनने आलेल्या गिऱ्हाइकाला हातानेच थांबायला सांगितलं.

“आईला कधी सांगितलंत?”

“आत्ताच.”

“रडली?”

“नाही. पळी आपटली.”

“मग घरी जाऊन रडेल. एकटी असली की रडते ती,” टॅमसिन म्हणाली आणि ॲप्रनची गाठ सोडू लागली. आतल्या खोलीकडे तोंड करून तिने हाक मारली, “मिस्टर लुईन, मी आज जरा लवकर जाऊ का? आईकडे जायचंय.”