आगे बढ, गाढव

पैलेच सांगून ठेवतो — भूतबित असल्या गोष्टीवर माहा काडीचा विश्वास नव्हता. आमचं घर दीक्षा घेतलेलं. बापानं घरातले गंडे-दोरे सगळे नदीत सोडले, तवापासून आमच्याकडं कोनाच्या आंगात आलं नाई का कोनाले काई लागलं नाई. गावात कोनी म्हनलं का अमक्याले बाहेरचं लागलं, त मी म्हनाचो, "मले घरचेच पुरे हायेत, बाहेरचं कायले पाह्यजे?" इथी ग्रुपवर सगळे आपापले अनुभव सांगतेत, म्हनून मीबी सांगून राह्यलो. हासाचं असंल त हासा. मले सवय हाय.

आमचं गाव गोंडपिपरीहून आत, जंगलाले लागून. घर गावाच्या एकदम शेवटी. समोर सपरी, म्हंजे पडवी म्हना. मंग आंगन. आंगनाले बांबूच्या ताट्याचं कुंपन अन् बांबूचंच फाटक, त्याले कडी नाई — खुंट्यात दोरीचा फास अडकवला का झालं बंद. फाटकाच्या पुढं बैलबंडीची वाट, वाटंच्या पलीकडून सागाचं जंगल सुरू. साल पंच्याऐंशी असंल, नाईतर शहाऐंशी. उन्हाळा.

मोठा भाऊ फौजेत होता. बदली झालती कुठीतरी बरफात, तिथी बायको-लेकरू नेता येत नव्हतं. माय-बाप आधीच गेलते. घरात राह्यलो आमी तिघं — वयनी, त्यायची पोरगी सुजाता, पाच वर्षाची, अन् मी. माह्यं लगन झालं नव्हतं. पोरगी पाह्याले गेलो त पोरीचा बाप मलेच विचारे, "पोरगा कुठी हाय?" शाळेचं तोंड मी पायलं ते फक्त तिथल्या बोरिंगचं पानी पियाले.

दादा सुट्टीवरून जाता जाता म्हनला, "शालिक, मी येतवरी पोरीवर ध्यान ठेवजो. समदं मस्करीत नको नेऊ."

"नाई नेत," म्हनलं मी, अन् त्याचीच टोपी उलटी घालून त्याले सलूट मारला. वयनीनं कपाळावर हात मारला.

त्या सुट्टीत दादानं सुजीले एक खेळ शिकवलता. बांबूची बंदूक करून देली अन् म्हनला, "मी नाई तवर या घराची संतरी तू. फाटकापाशी कोनी आलं का वरडाचं — थम! कौन आता है? तो म्हनंल, दोस्त. मंग तू म्हनाचं — आगे बढ, दोस्त. तवाच तो आत येईन. दोस्त नाई म्हनला, त बाहेरच."

गेला दादा. पोट्टीनं खेळ असा धरला का काय सांगू! दूधवाला दोस्त म्हने. पोस्टमन दोस्त म्हने. बाजूची जनाबुडी, दात एक नाई, तीबी "दोत्त" म्हने, मंग आत येऊन चहा पिये. एक मीच सरळ बोलाचो नाई. सुजी वरडली, "थम! कोन आता हाय?" का मी हात जोडून म्हनाचो, "तुमचा गाढव, सरकार!" ते पोट धरून हासे अन् म्हने, "आगे बढ, गाढव!" रोज तेच. पुऱ्या गल्लीले ऐकू जाये. माहा आवाज म्हंजे बँडवाल्याचा, हळू कसं बोलतेत ते मले अजून आलं नाई.

तेंदूपत्त्याचा सीजन लागला. सकाळी जंगलातून पानं तोडून आनाचे, दुपारी घरात बसून त्याचे पुडे बांधाचे. एका दुपारी मी सपरीत पुडे बांधून राह्यलो होतो, दोरी दातात धरून. वयनीनं कोंबड्यायले कनकी, म्हंजे तांदळाची चुरी, टाकलती. सुजी फाटकापाशी.

"थम! कोन आता हाय?"

काईच नाई. ते पुन्हा वरडली. मंग माह्याकडं पाहून म्हनते, "काकाजी, बोलत नाई जी हा."

"कोन व?"

"हा ना. दोस्तच म्हनत नाई."

फाटकात कोनी नव्हतं. मी म्हनलं, "असंल एखांदा मुका. उधारी मागाले आला असंल त आतच नको घेऊ." अन् हासलो. पन माही नजर कोंबड्याकडं गेली. फाटकाच्या बाहेरबी कनकी उडाली होती अन् चार कोंबड्या तिथी टिपत होत्या. सगळी कनकी त्यायनं साफ केली, पन मधातच मानूस उभा राह्यते एवढी जागा तशीच पांढरी. तिच्यात एकीनंबी चोच घातली नाई. बाजूनं फिरून फिरून चालल्या.

मी मनात म्हनलं, कोंबड्याच त हाय. कोंबड्या अन् मी, अक्कल सारखीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्याबी. मंग पोट्टी फाटक सोडंच ना. जेवाले बोलावलं त ताट तिथी मागे. झोपाले नेलं त उठून पळे. "मी गेली त तो येईन ना आत!" तोंड सुकलं, आंग तापाले लागलं. वयनी माह्यावर भडकली, "तुमी दोघं भावायनं खेळ लावला अन् माही पोर वाळून राह्यली! दात काढू नका, भाऊजी!"

मी खरंच दात काढत नव्हतो. माह्यं तोंडच तसं हाय.

वयनीनं सुजीले पोटाशी घेतलं. "कसा दिसते गं तो?"

"बाबासारखा."

वयनीचा हात थांबला.

"टोपी हाय. बूट हाय. तोंड हालवते, पन आवाज नाई हाय त्याच्यापाशी."

दादाचं पत्र येनं बंद झालतं. आधी पंधरवड्याले यायचं, आता काईच नाई. वयनीच्या अन् माह्या, दोघायच्या डोक्यात एकच आलं. त्या दिवशी पैल्यांदा मले एकबी मस्करी सुचली नाई.

जनाबुडी म्हने, "पुजाऱ्याले बोलाव वं बाई, कोंबडं दे, नाईतर पोर हातची जाईन."

"आमच्या घरी ते चालत नाई," वयनी म्हनली. बुडी गेल्यावर मात्र चुलीपुढं बसून लय रडली.

मंग ते दुपार आली. ऊन असं का कुत्रेबी नालीत. सुजीले ताप, तरी सपरीच्या खांबाले टेकून बसली होती, बंदूक मांडीवर. मी तिच्या बाजूले, पुडे बांधून राह्यलो होतो. घरातून वयनी आली, त मी पाह्यतच राह्यलो. दादानं आनलेलं नवं लुगडं नेसली होती. केस इचरलेले. ते सरळ फाटकाकडं निघाली.

"थम!" सुजी उठली. "माय, नको जाऊ! आला तो!"

"येऊ दे त्याले." वयनीचा आवाज एकदम शांत. "तुहा बाबा हाय तो. किती दिवस उन्हात उभा करशीन?"

"बाबा असता त दोस्त म्हनला असता! बाबानंच शिकवलं!"

"मेलेला मानूस कसा बोलंल, बाई?"

वयनीनं दोरीच्या फासाले हात घातला. मी उठाले गेलो त पाय मुंग्या येऊन मेलेले, धाडकन पुड्यायवर पडलो. अशा टायमाले दुसरा कोनी असता त धावला असता. मी रांगलो.

सुजी बंदूक उचलून जीव तोडून वरडली, "थम! कोन आता हाय?"

अन् फाटकाबाहेरून जवाब आला.

"तुमचा गाढव, सरकार!"

माहा आवाज. जसाच्या तसा, तोच बँडवाल्याचा, शेवटी हेल काढते तोबी. वयनीनं वळून माह्याकडं पायलं. मी जमिनीवर, दातात दोरी, तोंड बंद. बाहेर कोनीच दिसत नव्हतं. नुसतं ऊन, वाट अन् जंगल.

सुजी रोजच्या सवयीनं बोलून गेली, "आगे ब—"

मी झेप घेतली अन् तिचं तोंड दाबलं. पोट्टी कचकन चावली हाताले. तरी सोडलं नाई.

"तुमचा गाढव, सरकार!" बाहेरून पुन्हा. मंग गोडीगोडीनं, "सुजे, मी आलो ना वं... बोल ना... आगे बढ म्हन ना..." त्याच्यानंतर माह्या सगळ्या मस्कऱ्या सुरू झाल्या, एकावर एक — पोरीच्या बापाची, बाहेरच्याची, सगळ्या. फाटकाबाहेर माहीच जीभ चालून राह्यली होती अन् मी इकडं घामानं भिजून राह्यलो होतो. त्या दिवशी मले समजलं लोकं माह्यावर काऊन चिडतेत. मंग तो आवाज चिडला. फाटक हालाले लागलं, बांबू कडकड वाजाले लागले, फास खुंट्यावरून सरकाले लागला.

आत्तापर्यंत उघडाले निघालेली वयनी... तिनं दोनी हातानं फाटक धरलं. नवं लुगडं मातीत. पाय रोवले अन् अशी वरडली का मी आजवर बाईमानसाचा असा आवाज ऐकला नाई —

"आमचा गाढव घरात हाय! तू कोन हायस रे?"

बंद. एकदम सगळं बंद. बांबू थांबले. मंग माह्या आवाजात कोनीतरी हळूच हासलं. मी कधी असा हळू हासलो नाई. ते हासू वाटंनं दूर दूर गेलं अन् जंगलात संपलं.

दुसऱ्या दिवशीच्या बसनं वयनी पोरीले घेऊन बल्लारपूरले गेली, माहेरी. तिथी गेल्यावर सुजीचा ताप उतरला, खाऊ-पिऊ लागली. महिन्याभरात दादाचं पत्र आलं, बरफानं रस्ता बंद होता म्हनून टपाल अडकलं होतं. मानूस एकदम खुशाल. हिवाळ्यात सुट्टीवर आला, त मी त्याले सगळं सांगितलं. आधी हासला. म्हनला, उन्हानं डोकं फिरलं तुमचं. मंग वयनीनं सांगितलं. मंग नाई हासला. मले विचारलं, "तुह्याच आवाजात?" म्हनलं, "हो ना." ते घर आमी पाडून टाकलं.

काय होतं ते? दादा त जित्ता होता, मंग टोपी-बूट कोनाचे? कोनी मस्करी केली म्हनाव, त त्या गावात मस्करी करनारा मी एकटाच, अन् मी त आत होतो. उन्हाचं म्हनाव, त तिघायले एकच ऐकू आलं. मी आजबी कोनाच्या भूतावर विश्वास ठेवत नाई.

पोट्टी वाचली, ते सगळ्यात मोठं. आता नागपूरले हाय, नर्स हाय, तिचे लेकरं कालेजात गेले. मी तिच्या घरी गेलो का समोर बसवून जेवू घालते, पायाले तेल लावून देते, लय जीव लावते. पन नुसत्या माह्या आवाजाले ते आजबी ओ देत नाई. दाराबाहेरून मी हाक मारली त दार उघडत नाई. खिडकीतून पुरा मानूस पाह्यते, मंगच. फोनवर त कधीच नाई. मी "हालो" म्हनलं का ते फोन जावयाकडं देते. मी काई म्हनत नाई. काय म्हनाव? तेबी माह्याच आवाजात म्हना लागंल.

म्हनून हे सुनेकडून लिवून घेतलं. मले लिवता येत नाई, मी बोललो, तिनं मोबाईलवर टाईप केलं. लिवलेल्याले आवाज नसते, सुजी वाचंल.

सुजे, माह्ये गुडघे लय दुखून राह्यले. आता बसमधी चढनं होत नाई. तूच ये वं एकदा.