दिवाणखान्यातला माणूस

कळंबला नकाशे काढणारे एक चाचा होते. हैदराबादच्या बंगल्यांतल्या खोल्या आतून कशा सजवायच्या, याची चित्रं त्यांनी निजामाच्या काळात काढलेली. पेन्सिल जिभेला लावल्याशिवाय त्यांची रेघ उमटत नसे. खोली केवढी ते कळावं म्हणून, मापासाठी, ते चित्रातल्या प्रत्येक खोलीत बोटाएवढा माणूस काढत.

निजामी गेली, माझी धान्याची अडत वाढली आणि मलाही समोरच्या खोलीचा गोल खांबांचा दिवाणखाना करावासा वाटला. "दारातच माणसानं टोपी सावरली पाहिजे," मी बजावलं. "बराबर," म्हणत चाचांनी खांब, झुंबर, मखमली खुर्च्या असं सगळं काढलं. खुर्च्या मात्र रिकाम्या होत्या. मापाचा माणूस बाहेर पायरीवर, बंडी घालून, पाय पसरून बसला होता. पोटावरून मी स्वतःला ओळखलं.

"चाचा, मला बाहेर का काढलं?"

"म्या न्हाय काढलं, सेठ. माप घ्यायला कवाबी येऊ, तुमी तिथंच असता."

मी चिडून दुसरं चित्र काढून घेतलं. त्यात मी मधल्या खुर्चीवर ऐटीत बसलोय. ते काचेत मढवून दिवाणखान्यात लावलंय. पाहुण्यांना दाखवायचं झालं, की मला पायरीवरून उठून आत जावं लागतं.