उघडू का?

माझी उजवीकडची खालची दाढ तीन आठवडे ठणकते आहे. दातांचा दवाखाना छापखान्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथली भेटीच्या वेळांची कार्डं वीस वर्षं मीच छापतो. तरी मी मिठाच्या गुळण्या करत घरी बसलोय. का, ते सांगायचं तर आधी निगराणीची गोष्ट सांगावी लागेल. माझी बाजू शेवटी येईल. दुसऱ्याची लाज आधी आणि स्वतःची शेवटी, हा आमचा शिरस्ता आहे.

निगराणी म्हणजे माझ्या मावसबहिणीचा मुलगा. त्याला खरं नाव आहे, पण ते आता फक्त त्याची आई वापरते. धंदा काय, तर लोकांच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर सांभाळणं. बिघडला की दुरुस्त करायचा हा जुना प्रकार झाला. याचा प्रकार नवा : बिघडूच नये म्हणून महिन्याच्या बोलीवर, आपल्या खोलीत बसून, दुसऱ्याच्या यंत्रांवर लक्ष ठेवायचं. "मामा, आमची चोवीस तास निगराणी असते," हे तो दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की मीच त्याचं बारसं केलं. नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. या शब्दांचे दोन्ही अर्थ मला लागू आहेत.

आता या धंद्याची गोम अशी की काम चोख झालं तर काहीच होत नाही. आणि काहीच न होणं विकायचं कसं? पहिलं पत्रक त्याने स्वतः लिहिलं : "आमच्याकडे या. काहीच होणार नाही." मी इमानेइतबारे हजार प्रती छापल्या. त्याच्या आईने एक वाचली आणि म्हणाली, "अरे, हे ज्योतिष्याने छापलं असतं तर ठीक होतं!"

मग त्याने जाहिरातीचा कसलासा कोर्स केला. त्यात शिकवलं की गिऱ्हाइकांना दर महिन्याला एक तारखेला सल्ल्याचं पत्र पाठवा, ईमेलने. पत्र कुणी उघडलं ते यंत्र सांगतं. झालं! हा दोन तारखेला पडलेलं तोंड घेऊन छापखान्यात हजर.

"मामा, एकशेचाळीस पाठवली. नऊ उघडली गेली."

"त्यातलं एक तूच उघडलं असशील."

"दोन घरचीच. आईनेही उघडलं."

उरलेल्या सातांत एक नाव मात्र दर महिन्याला न चुकता असायचं. ते म्हणजे दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाई. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा दोरीला बांधलेला, आणि हाताशी फोनची वही. आलेला आणि केलेला प्रत्येक फोन वहीत : किती वाजता, कुणाचा, काय बोलणं झालं. निगराणीचा सल्ला त्या नुसता वाचत नसत, पाळत. पासवर्ड बदला म्हटलं की बदलत. आणि वर फोन करून सांगत, "या वेळच्या पत्रात 'काळजी'ला ऱ्हस्व जि पडलाय हं." निगराणी वैतागायचा. "वाचणारं एक माणूस, आणि तेही चुका काढतं!" पण आतून खूश असायचा. हजार लोकांनी पाठ फिरवली तरी एका वाचकावर लेखक जगतो, हे मी छापखान्यात पुष्कळ पाहिलंय.

एका महिन्याच्या सतरा तारखेला तो एका बड्या गोदामवाल्याकडे बसला होता. मोठं गिऱ्हाईक, गळाला लागत आलेलं. "आमच्या गिऱ्हाइकाचा फोन आम्ही दुसऱ्या घंटीला उचलतो," असं तो सांगत होता, आणि नशीब बघा, फोन वाजला. याने ऐटीत दुसऱ्या घंटीला उचलला.

"तुमचं पत्र आलंय," बाई म्हणाल्या. "पण आज एक तारीख नाही. आणि तुमचं नावही नेहमीसारखं दिसत नाही. उघडू का?"

समोर गोदामवाला कौतुकाने बघतोय. याने हसून सांगितलं, "उघडा की काकू! आमचं पत्र उघडायला परवानगी कसली?" आणि फोन ठेवून गोदामवाल्याला म्हणाला, "बघा, आमची माणसं पत्राची वाट बघतात!"

ते पत्र त्याचं नव्हतं. कुणा भामट्याने त्याच्या पत्राचं सोंग घेतलं होतं. दुपारपर्यंत दवाखान्याची सगळी यंत्रं कुलूपबंद झाली. कुणाला कधी बोलावलंय, कुणाच्या कुठल्या दाताचा एक्स-रे, काही दिसेना. निगराणीने चार दिवस तिथेच ठाण मांडलं आणि बाजूला ठेवलेल्या प्रतींवरून सगळं परत उभं केलं. कामात तो कच्चा नव्हता, हे कबूल केलं पाहिजे.

चौथ्या दिवशी डॉक्टर कडाडले, "उघडलं कुणी हे?"

"मी," बाई म्हणाल्या. "यांना फोन करून, विचारून."

डॉक्टरांनी निगराणीकडे पाहिलं. निगराणीने यंत्राकडे पाहिलं. "असा फोन... मला तर आठवत नाही बुवा."

बाईंचा हात वहीवर गेला. तिथेच थोडा वेळ थांबला आणि परत आला. दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर डॉक्टरांची पुतणी आली, आणि बाई मागच्या खोलीत हत्यारं धुऊन पाकिटांत भरू लागल्या.

हे मला कसं कळलं? त्याच आठवड्यात बाई कार्डांची प्रुफं न्यायला आल्या होत्या. मी खोदून विचारलं, त्यांनी सांगितलं. "मग वही का नाही दाखवलीत?" मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "चार दिवस ते पोर जागचं हललं नव्हतं हो. वही उघडली असती तर त्याचा धंदा तिथेच बसला असता. मला वाटलं, तो आपणहून बोलेल." मी भरपूर हळहळलो. हळहळायला काय जातं!

महिन्याभराने निगराणी नवीन पत्रक घेऊन आला. कोर्सात म्हणे शिकवलं होतं : गिऱ्हाईक यंत्राने वळत नाही, गोष्टीने वळतं. तेव्हा गोष्ट सांगा. मी वाचू लागलो : "एका दवाखान्यातील कर्मचारी महिलेने न विचारता एक पत्र उघडले, आणि..."

'न विचारता'वर माझी नजर अडली. मला माहीत होतं. एका शब्दाने बोललो असतो तरी पुरलं असतं. पण गोष्ट झकास होती हो! आणि झकास गोष्टीत खरं-खोटं विचारणं मला जन्मात जमलेलं नाही. मी म्हणालो, "कर्मचारी महिला कसलं कोरडं लिहितोस? नाव दे तिला. एका टिचकीत दवाखाना बंद पाडला ना? मग टिचकीबाई!"

तो आधी दचकला, मग हसला. मी ते शब्द ठळक टाइपात वर घेतले : "तुमच्या ऑफिसात टिचकीबाई आहे का?"

पत्रक तुफान चाललं. शिंपी, वकील, औषधवाले, सगळे एकमेकांना म्हणू लागले, "जपून रे, टिचकीबाई होशील!" गोदामवाल्याने करार केला. दवाखान्याचं नाव छापलं नव्हतं, पण दवाखाना चार दिवस बंद होता हे कुणाला माहीत नव्हतं? एकदा दुकानात रांगेत कुणीतरी बाईंना म्हणालं, "टिचकीबाई, तुम्ही व्हा पुढे." सगळे हसले. बाईही हसल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी मागून पाहिल्या, आणि रांग सोडून घरी आलो.

मग व्यापाऱ्यांची सकाळची सभा आली. कोर्साचा शेवटचा धडा : गिऱ्हाइकालाच लोकांपुढे उभं करा. निगराणीने डॉक्टरांना गळ घातली. डॉक्टरांना वेळ नव्हता, म्हणून त्यांनी पाठवलं कुणाला, तर बाईंना! त्या दारातून आत येताना दिसल्या तेव्हा निगराणीने तोंडाशी नेलेला कप तसाच खाली ठेवला, ते मला तिसऱ्या रांगेतून दिसलं.

पण पन्नास माणसं बसलेली. त्याला विचारावंच लागलं. "काकू... सांगा, त्या दिवशी काय झालं?"

"पत्र आलं. मी उघडलं."

"न विचारता?" मागून गोदामवाला ओरडला, आणि हशा पिकला. फोन आला तेव्हा हाच समोर बसला होता, पण दुसऱ्याच्या फोनकडे कोण लक्ष देतो!

बाईंनी निगराणीकडे पाहिलं. "ते यांना विचारा."

लोकांना वाटलं, काय हजरजबाबी बाई आहे! टाळ्या पडल्या. निगराणीही हसला, आणि पडद्यावरचं पुढचं चित्र लावायला गेला तर एकदम दोन चित्रं पुढे गेली. बाई खाली उतरून माझ्या शेजारी बसल्या. पाणी प्यायल्या. पत्रक हातात घेऊन म्हणाल्या, "छान छापलंय तुम्ही. शुद्धलेखनाची एक चूक नाही." मग घडी घालता घालता म्हणाल्या, "फक्त दोन शब्द जास्त पडलेत."

आठवड्याने निगराणी छापखान्यात आला आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसला.

"मामा, उरलेली पत्रकं रद्दीत घाला."

"का रे? मागणी आहे की."

त्याने सगळं सांगितलं. मी म्हणालो, "मला माहीत होतं."

"मग तुम्ही छापलंत कसं?"

"तू लिहिलंस कसं?"

चोर-चोर मावसभाऊ म्हणतात. आम्ही मामा-भाचे, एवढाच फरक.

मग तो म्हणाला, "माफीचं पत्र पाठवलंय काकूंना. ईमेलने. सहा दिवस झाले. रोज बघतो, उघडलेलं नाही. मामा, माझं प्रत्येक पत्र उघडणारं एकच माणूस होतं."

"गाढवा," मी म्हणालो, "हाताने लिही आणि पायाने जा."

त्याने तिथेच बसून लिहिलं. पाकीट मी दिलं. तो निघाला तसा मीही चप्पल घातली. असला प्रसंग मी चुकवीन होय!

दवाखान्यात चार-पाच माणसं गाल धरून बसलेली. बाई मागच्या खोलीतून ओले हात पुसत आल्या. त्याने पाकीट पुढे केलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं, चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि विचारलं,

"उघडू का?"

आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. त्यांची ती सवयच होती. तेव्हाही होती.

निगराणीचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो जरा मोठ्यानेच बोलला, "नका उघडू. मीच सांगतो. सतरा तारखेला तुम्ही फोन केला होता. विचारलं होतंत. उघडा म्हणून मीच सांगितलं. आणि नंतर आठवत नाही म्हणालो. आठवत होतं."

आत चालू असलेलं यंत्र थांबलं. डॉक्टर हातात आरसा घेऊन दारात आले. पुतणी न सांगता खुर्चीवरून उठली. बाई काउंटरमागे गेल्या, वही ओढली आणि घड्याळाकडे बघून लिहू लागल्या : अकरा दहा. कॉम्प्युटरवाले स्वतः आले.

मग मान वर न करता विचारलं, "शेवटचं काय म्हणालात?"

"आठवत होतं."

त्यांनी तेही लिहिलं.

गोदामवाल्याने करार मोडला, मागोमाग आणखी चौघांनी. दवाखाना मात्र निगराणीकडेच राहिला. बाईंनीच डॉक्टरांना सांगितलं म्हणे, "राहू दे त्याला. आता फोन नीट ऐकेल." त्या पुन्हा काउंटरवर बसतात. पाकीट खणात आहे, अजून बंद.

पत्रकं मी रद्दीत घातली. पण टिचकीबाई हे नाव काही रद्दीत जात नाही. कालच औषधवाल्याच्या तोंडी ऐकलं. निगराणीने जे करायचं ते चार माणसांत केलं. ते नाव ज्याने ठेवलं, तो मात्र दाढ धरून घरात बसलाय.

जायला हवं. पण काउंटरवर त्या असतील, वहीत वेळ लिहितील, आणि विचारतील, "काय काम होतं?" आणि तेवढ्यातून निभावून आत गेलो, तरी त्या खुर्चीत बसल्यावर डॉक्टर पहिला शब्द तोच म्हणणार : उघडा.