वैशाखातली पाण्याची कड

"हद्द बावखलाच्या मधोमध जाते," बिल्डरचा मॅनेजर म्हणाला आणि त्याने मोबाइलवरचा नकाशा हिराबायच्या नाकासमोर धरला. "अर्धं तुमचं, अर्धं आमचं. आमचं आम्ही भरणार."

हिराबायने मोबाइलकडे पाहिलंच नाही. ती पाण्याकडे पाहत होती. "अर्धं भरलं तर बाकीचं काय जितं राहनार, भाऊ?" ती मला म्हणाली. "विहिरीचं पानी मचूळ झालं का वाडी मेली आमची."

मी रिटायर्ड भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणारा. आता चंदनसारच्या फ्लॅटमध्ये बसून वकिलांना जुने नकाशे वाचून देतो. होळी गावातल्या या वाडीत, म्हणजे बागायतीत, मला हिराबायच्या वकिलांनी आणलं होतं. बावखल म्हणजे आमच्या वसईच्या वाड्यांमधलं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, म्हणून समुद्र हाकेवर असूनही विहिरी गोड राहतात. हिराबायची केळी, पानवेली, सोनचाफा, सगळं त्याच पाण्यावर.

तिच्या घरात एक गोष्ट चालत आलेली. इथे सगळी झाडी होती, तेव्हा नवऱ्याचा पणजा पोशा आला आणि त्याने हे बावखल खणलं. कागद मात्र कोणाकडे नाही. जुन्या नकाशावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. त्या नंबरावरून जुन्या पत्रकात माणूस शोधायचा. मी शोधला. पहिलाच कब्जेदार, पोशा धाकल्या. अशी नावं भेटली की माझं कामात लक्ष राहत नाही. हा माणूस कुठून आला असेल, पहिल्या रात्री कुठल्या झाडाखाली निजला असेल, असलं काहीतरी मनात फिरत राहतं. बायको म्हणते, तुम्ही नकाशे वाचत नाही, नकाशात राहायला जाता.

पण पोशा सापडून भागणार नव्हतं. पोशाची जमीन दक्षिणेला कुठे संपते, हा खरा वाद होता. आजूबाजूच्या जुन्या खुणा बंगल्यांखाली आणि रस्त्यांखाली गेल्या होत्या. उरलेली खूण एकच, बावखल. नकाशा सांगत होता की बावखलाच्या उत्तरेच्या पाणकडेपासून दोन साखळ्या दक्षिणेला गेलं की हद्द. साखळी म्हणजे तेहतीस फूट. दिवाळीनंतर मी टेप धरला, तर टोक बरोबर पाण्याच्या मधोमध आलं.

"शिवाय हे बघा," मॅनेजर खुशीत आला. "जुन्या नकाशात एवढंसं डबकं आहे. यांनी नंतर आमच्या जमिनीत खणत खणत वाढवलंय."

मुद्दा बिनतोड होता. हिराबाय माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या दिवशी तिने दिलेली केळी मला घरी नेववेनात.

पुढे बरेच दिवस तो नकाशा आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून होता. एका दुपारी त्याच्यासमोर बसल्या बसल्या डोळे जड झाले आणि मी आयुष्यभर मोजलेली बावखलं एकामागून एक समोरून जाऊ लागली. सगळी शांत, सगळ्यांवर माडांच्या सावल्या. आणि सगळी अर्धी कोरडी. भेगा पडलेला चिखल, मधे थोडंसं हिरवं पाणी. एकही काठोकाठ भरलेलं आठवेना.

आठवणार कसं? पावसात आणि भात उभं असताना आमच्या खात्यातला कोणी शेतात उतरतच नाही. मोजणी उन्हाळ्यातली. पोशाच्या दारातही मोजणीदार वैशाखातच आला असणार. त्याने पाहिली ती पाण्याची कड काढली. आम्ही मात्र भरल्या बावखलाच्या कडेपासून, म्हणजे तेवढंच उत्तरेला सरकून मोजत होतो.

मी वकिलांना फोन लावला. "मोजणीची पुढची तारीख उन्हाळ्यातली घ्या."

"कोर्टात साहेबांना कारण काय सांगू?"

"सांगा, पुरावा अजून पाण्याखाली आहे."

वैशाखात आम्ही सगळे पुन्हा जमलो. बावखल खाली गेलं होतं. मी नकाशाची ट्रेसिंग उघडली आणि बघतच राहिलो. तोच आकार, पूर्वेकडे काढलेली तीच छोटी चोचसुद्धा. पोशाच्या काळचं पाणी जसंच्या तसं समोर उभं होतं. वाऱ्यावर चाफ्याचा वास येत होता. क्षणभर मला वाटलं, माडामागून पोशा येईल आणि विचारील, किती वेळ लावलात?

उत्तरेच्या कडेपासून दोन साखळ्या मोजल्या. टेप पाणी ओलांडून दक्षिणेच्या उतारावर गेला. तिथे गाळात पहार घातली. ठक्क! गाळ उपसला, तर खाली घडीव चौकोनी दगड, जुन्या मोजणीत हद्दीवर पुरायचे तसा.

"दगड काय, कुठेही सापडतो," मॅनेजर बूट सांभाळत म्हणाला.

"सापडतो ना," मी म्हटलं, "पण नकाशातल्या हद्दीच्याच जागी क्वचित."

हिराबाय उतरून खाली आली. ओंजळीने पाणी घालून तिने दगड धुतला, अंघोळ घालावी तसा. "आमचा पणजा इथवर आलता," एवढंच म्हणाली. मी उगाच टेप गुंडाळत बसलो.

निकाल दगडाप्रमाणे लागला. पाणी हिराबायचं, दक्षिणेच्या उताराची वरची पट्टी बिल्डरची. तेव्हापासून कोणी जुना नकाशा घेऊन आलं, की मी आधी तो कुठल्या महिन्यात काढला असेल ते बघतो, मग फूटपट्टी शोधतो.

बिल्डरची इमारत आता उभी आहे. 'तळ्याकाठी घर' म्हणून तो जाहिरात करतो आणि फ्लॅटमागे जास्त भाव घेतो. हिराबाय रोज सकाळी त्याच तळ्यावर पंप लावते आणि वर गॅलरीत उभे असलेले लोक फोटो काढतात.