माळ्यावरचा नकल्या

आमच्याकडे नव्या घरात आधी मांजर जातं, मग माणसं. नदीवरचे लोक मांजर नावेत घेऊन हिंडतात, डोंगरातले पाळण्याखाली निजवतात. कारण सगळीकडे एकच : नकल्या. उंदराएवढा हा प्राणी भिंतीत, फळ्यांआड राहतो, घरातल्यांचे आवाज हुबेहूब काढतो आणि हाकेला फसून कुणी फटीत हात घातला की चावतो. चावलेला हात कायमचा लुळा.

माझी मावशी शिकारी मांजरं तयार करायची. फळीआडून ती स्वतःच लाडिक हाका मारी. हाकेला भुललं ते मांजर उपाशी, नकल्याच्या वासावर गेलं त्याला काळजाचा तुकडा. "माझ्या मांजराला कान नाहीत, नुसतं नाक आहे," असं ती गिऱ्हाइकांना ऐकवायची. तिचं मांजर कधी चुकलं नव्हतं.

म्हणून सोनाराची सून दारात उभी राहून रडायला लागली, तेव्हा आम्हाला काही कळेचना. मांजर त्यांचं नवं घर हुंगून उंबऱ्यावर निवांत येऊन बसलं, तेव्हा कुठे माणसं आत गेली होती. मग न्हाणीघराच्या भिंतीतून आजीची हाक आली आणि तिच्या धाकट्या मुलीने फटीत हात घातला.

"बोटं हलत नाहीत हो तिची! आणि तुमचं ते मेलं मांजर त्याच भिंतीला अंग घासत बसलंय!"

मावशी पांढरीफटक पडली. सून गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, तिच्यामागे मी. माळ्याखाली विकायची मांजरं पाय ताणून पसरली होती. तेवढ्यात माळ्यावरून माझी मावसबहीण बोलली. लहानपणीच तापात गेलेली माझी मावसबहीण.

"आई, केस ओढू नकोस ना!"

मी भिंतीला हात टेकला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"ती होती तेव्हापासूनच आहे तो," मावशी म्हणाली. "मारायला निघाले की नेमका हेच बोलतो गं."

"पण मांजरं?"

"एरवी मागच्या शेडमध्ये असतात. यंदा छप्पर उडालं, म्हणून घरात घेतली. माळ्याकडे झेपावली की मागे खेचायची मी. वाटलं, एवढा एक सोडायचा हे कळेल त्यांना."

"वास तर सगळ्या नकल्यांचा एकच ना, मावशी!"

ती मटकन खाली बसली. यंदाची मांजरं आणखी कुठल्या कुठल्या घरांत गेली होती, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"सगळी परत आण," ती म्हणाली. "लोकांना सांग, मावशीने काम सोडलं."

"आणि हा?"

ती उठून माळ्याच्या शिडीला पाठ लावून उभी राहिली. मला अडवायला. मला!

वरून पुन्हा तीच तक्रार आली.

"नाही गं ओढत, झालंच," मावशी म्हणाली. इतक्या सवयीने, की माझ्या अंगावर काटा आला. मांजरं बांधून आणायला मी खुंटीवरची दोरी ओढली आणि पहिल्या घराकडे धावत सुटले.