बॉक्सवरचा महिना

“फोन ऱ्हाऊ द्या बाजूला. आधी बॉक्स दाखवा.”

आमच्या कंपनीत कोणी नवा स्मार्टफोन घेतला की कॅन्टीनच्या मावशींचं हे वाक्य ठरलेलं. घेणारा मोठ्या हौसेने स्क्रीन दाखवायला जायचा आणि मावशी पिठाचे हात पुसून रिकामा बॉक्स मागायच्या. तो उलटा करायच्या, खिडकीच्या उजेडात धरायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायच्या आणि मागच्या लेबलावरची मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं ओठ हलवत जुळवायच्या. मग कधी “हां, बरा हाय” म्हणत फोन हातात घ्यायच्या, तर कधी नुसतंच “असू द्या” म्हणून पोळपाटाकडे वळायच्या. बरा कशावरून आणि असू द्या कशावरून, हे आम्हाला वर्षभर कळलं नाही. आम्ही आपले हसायचो.

मी नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात क्वालिटीत आहे. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो आणि त्यांतले दोष काढायचं काम माझं. हा धंदा माणसाला घरीही सोडत नाही. लग्नाच्या पंगतीत मी जिलबीचा व्यास बघतो, असं माझी बायको सांगत फिरते. सांगायचं एवढंच, की स्वतःच्या बारीक नजरेबद्दल मला थोडी घमेंड होती. मावशींनी ती उतरवली, आणि तीही जेवण वाढता वाढता.

मावशी मूळच्या सुरगाण्याकडच्या. लहानपणी आईबापांबरोबर द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडे मजुरीला यायच्या. बागेच्या बांधाला प्लास्टिकच्या कागदाचं पाल, आणि दिवसभर मान वर करून घडांची विरळणी. “मान जी वर झाली सायब, ती लगीन होईपत्तुर खाली नाय आली,” असं त्या हसत सांगायच्या. शाळा सातवीत सुटली. पुढे नवरा गावाकडे भात आणि नागली, म्हणजे नाचणी, बघायचा आणि मावशी मुलीला घेऊन नाशकात राहिल्या, कारण मुलीची शाळा त्यांना सुटू द्यायची नव्हती. आमच्या कॅन्टीनमध्ये त्यांची वीस वर्षं गेली.

पोळ्या लाटताना त्यांचा फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा असायचा. त्यावर फोनच्याच बातम्या. कोणतं मॉडेल कधी बाजारात येणार, कोणाला चिप कमी पडली, कोणाचा कारखाना कुठे निघतोय. त्या व्हिडिओतली पोरं अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी असं पाठीमागे कुत्रं लागल्यासारखं बोलतात. मावशी त्यांना थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकायच्या. आमचे इंजिनिअर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवरून भांडत असले की भात वाढता वाढता त्या मधेच विचारायच्या, “ते समदं खरं, पण जोडणार कुठं हाय त्यो?” इंजिनिअर पुन्हा मेगापिक्सेलकडे वळायचे. फोन कुठे तरी कोणी तरी जोडतं, हा विचार त्यांच्या डोक्यात कधी आला नव्हता. माझ्याही नाही.

सल्ला मात्र सगळे त्यांचाच घ्यायचे. “आता घेऊ नका, पंधरा दिस थांबा, नवा येतोय” असं त्या म्हणाल्या की थांबायचं. आमचे खरेदी विभागाचे साहेब थांबले नाहीत. खरेदी हाच ज्यांचा पेशा, त्यांनी कॅन्टीनमधल्या बाईचं काय म्हणून ऐकायचं? दोन आठवड्यांत नवं मॉडेल आलं आणि साहेबांच्या फोनचा भाव धाडकन उतरला. साहेब तीन दिवस केबिनमध्येच जेवत होते. चौथ्या दिवशी मावशींनी वाटीभर शिरा पाठवला आणि बरोबर निरोप: “फोन चांगलाच हाय, घाई वाईट.”

मग मावशींनी स्वतः नवा फोन घ्यायचं ठरवलं. इंग्रजीला सोबत म्हणून मला घेऊन त्या त्रिमूर्ती चौकातल्या दुकानात गेल्या. मॉडेल ठरलेलं होतं. दुकानदाराने बॉक्स पुढे केला. मावशींनी उलटा केला, वाचला, परत दिला. “दुसरा.” दुसराही परत. पाचव्या बॉक्सला दुकानदार वैतागला.

“मावशी, आतून सगळे सारखेच असतात हो!”

“नाय. मला मार्चनंतरचा पायजे.”

“फोन म्हणजे काय मेथीची जुडी आहे का, ताजी-शिळी बघायला?”

मावशी जरा लाजल्या. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “मार्चला आमची पोरगी ह्या फोनच्या लायनीला आली, सायब. त्याच्या आधीचा तिच्या हातचा नाय.”

मुलगी बारावीनंतर आयटीआय करून, ठेकेदारामार्फत, दक्षिणेकडच्या एका फोनच्या कारखान्यात गेली होती. हॉस्टेलवर राहायची. बॉक्सच्या लेबलावर कारखान्याचा पत्ता असतो आणि बनवल्याचा महिनाही असतो. तुमच्या-आमच्या घरात, कपाटावर, असे कितीतरी बॉक्स पडले असतील. आपण कधी वाचलंय ते? दोष काढून पोट भरणाऱ्या मीही वाचलं नव्हतं. मावशी इतके दिवस प्रत्येकाच्या बॉक्सवर आपली मुलगी शोधत होत्या. सातवा बॉक्स एप्रिलचा निघाला. तो दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या दुकानाबाहेर पडल्या, आणि वर्षभर हसल्याची मला फार लाज वाटली.

बातम्यांचाही मग उलगडा झाला. नवं मॉडेल येणार म्हणजे लायनीवर ओव्हरटाइम, म्हणजे पोरींची सुट्टी बंद. सणाचा सेल लवकर लागला म्हणजे मुलगी दिवाळीला येणार नाही. त्या वर्षी सेलची तारीख जाहीर झाली, त्याच दुपारी मावशींनी करंज्यांचा बेत रद्द केला. “नाय येणार ती,” एवढंच म्हणाल्या. खुद्द मुलीला ते आठ दिवसांनी कळलं.

मुलीचं काम म्हणजे कॅमेऱ्याजवळचे दोन स्क्रू लावायचे. दिवसभर तेच दोन, फोन तेवढे बदलत राहायचे. एकदा मावशींचा फोन आमटीत पडला. दुरुस्तीवाल्याने तो आमच्यासमोर उघडला तेव्हा मावशींनी माझ्या फोनवरून मुलीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. “दाखव बरं, कंचे तुझे?”

मुलगी पलीकडून हसायला लागली. “त्या काळ्या गोलाच्या वरचे दोन. पण आई, तो माझ्याच हातचा कशावरून? तीन शिफ्टला आम्ही तिघी असतो.”

मावशी त्या दोन स्क्रूंकडे बघत राहिल्या. “तुझाच हाय,” म्हणाल्या. “सरळ बसल्यात.”

मी वाकून तपासले. खरंच सरळ बसले होते.

पुढचा उन्हाळा आला आणि ते मॉडेल एकदम स्वस्त झालं. कॅन्टीनमध्ये आनंदीआनंद. तिघांनी एकाच आठवड्यात घेतला. मावशींनी एकाचाही बॉक्स मागितला नाही. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं, आणि वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी ताट ठेवायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “भाव पडला, सायब. म्हंजे खपत नाय. खपत नाय म्हंजे लाईन बंद पडंल.”

ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय. आम्ही ज्या भावावर खूश होतो, त्यात त्यांना मुलगी बॅग घेऊन परत येताना दिसत होती. परत आली असती तर पुढचं ठरलेलंच होतं. चुलत्याने हेरून ठेवलेलं स्थळ, नाहीतर हंगामात दिंडोरीला जाणारी जीप. ज्यातून मुलीला बाहेर काढायला मावशींनी अर्धं आयुष्य घातलं, तिथेच ती पुन्हा गेली असती.

पण नशिबाला बोल लावत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्याच कारखान्यात आता दुसऱ्या कंपनीच्या फोनचं काम येणार, हेही त्यांनी बातम्यांतून हेरलं होतं. त्यासाठी तपासणीला मुली निवडणार आहेत आणि परीक्षा इंग्रजीत आहे, हे मुलीला खोदून खोदून विचारून काढलं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“तुमी दोष काढता ना, सायब? माझ्या पोरीला शिकवा.”

तीन आठवडे, दुपारच्या चहानंतर, कॅन्टीनच्या कोपऱ्यात व्हिडिओ कॉलवर शाळा भरली. मुलगी सकाळची शिफ्ट करून हॉस्टेलवर आलेली असायची. दाखवायला इतके फोन कुठून आणायचे? मावशींनी जेवणाची स्टीलची ताटं आणून ठेवली. मी एकेक ताट कॅमेऱ्यापुढे धरायचो. “ह्यात काय?” “ओरखडा, सर.” “इंग्रजीत?” “स्क्रॅच.” पोचा म्हणजे डेंट, फट म्हणजे गॅप. कोणता दोष चालवून घ्यायचा, कोणता माल परत पाठवायचा, आणि ते लिहायचं कसं. शेजारी गवार निवडत बसलेल्या मावशी मुलीच्या आधी उत्तर द्यायच्या आणि मुलगी तिकडे चिडायची. आठवड्याभरात आमच्या कॅन्टीनमधलं एकही ताट निर्दोष उरलं नाही.

एका दुपारी मुलगी रडायलाच लागली. “मला नाही जमायचं. बाकीच्या डिप्लोमावाल्या आहेत, फाडफाड बोलतात. मी घरी येते, आई.”

मावशींनी गवार खाली ठेवली. “ये की. द्राक्षं तोडाया माणसं लागत्यातच.”

आणि फोन बंद केला. मग निवडलेलीच गवार पुन्हा निवडू लागल्या. “लय वाईट बोलले का, सायब?”

“बोललात,” मी म्हणालो. खोटं कशाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी चार वाजता फोन वाजला. मुलगी एरवी आधी नमस्कार करायची. त्या दिवशी तिने तोही केला नाही. “सर, ताट धरा,” म्हणाली.

महिन्याभरात लाईन बंद झाली. मुलगी तपासणीत निवडली गेली. कॅन्टीनमध्ये आता काहीतरी गोडधोड होणार, अशी आमची खात्री होती. मावशींनी काही केलं नाही. कारण दोन दिवसांनी समजलं. त्याच लायनीवरच्या, त्यांच्याच तालुक्यातल्या दोन मुली गावी परत निघाल्या होत्या. नाशकात उतरून पुढच्या गाडीला वेळ होता, म्हणून मावशींनी त्यांना कॅन्टीनवर बोलावलं आणि नागलीची भाकर वाढली. मुली भुकेल्या होत्या. “तिकडं भाकर डोळ्यांनी दिसली नाय, मावशी,” असं एक म्हणाली. मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

त्या गेल्यावर माझ्याजवळ आल्या. “आपुन एकीलाच शिकवलं, सायब. तिघी बसल्या असत्या ना फोनपुढं शिकाया?”

इतक्या वर्षांत मी हजारो दोष काढले असतील, पण आपल्याच कामातला हा दोष मला दिसला नव्हता. त्यांना दिसला.

गेल्या वर्षी मुलीने हॉस्टेल सोडून खोली घेतली आणि मावशींना बोलावून घेतलं. जाताना त्यांच्याबरोबर नागलीच्या पिठाचं पोतं होतं. तिथल्या आपल्याकडच्या मुलींसाठी खानावळ काढणार होत्या. नाशिकरोडला गाडी सुटेपर्यंत त्या मला कॅन्टीनच्या गॅसची गळती दाखवून घ्यायला सांगत होत्या. आता जेवण बाहेरून येतं. मीठ बरोबर असतं. मला मात्र तिथे करमत नाही, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

परवा एका नव्या फोनची मोठी बातमी आली, म्हणून मी ती मावशींना पाठवली. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या आवाजातला निरोप आला. “बातम्या बघाया येळ नाय, सायब. पोरी बसल्यात.” मला वाटलं, जेवायला बसल्या असतील. इतक्यात मागून कोणा मुलीचा आवाज आला, “मावशी, ह्या ताटाचा पोचा चालंल का परत पाठवायचा?” आणि मावशी माझा निरोप तसाच अर्धवट टाकून तिच्याकडे गेल्या.